भरणाऱ्याचं माप

आबा, आज बंदूक पारनेरला नेऊन दिली. कायमची. एरवी दर निवडणुकीला ती जमा करायची आणि निकाल लागले की जाऊन परत आणायची, असं इतकी वर्षं चाललं होतं. परवान्याची खेप वेगळीच. या वेळी मी हवालदाराला सांगून टाकलं, आता ठेवूनच घे बाबा, माझ्यानं होत नाही. त्यानं ती घोंगडीतून बाहेर काढली, फरशीवर उभी केली आणि स्वतःच्या अंगाला लावून बघितली. नळीचं तोंड त्याच्या बरगडीच्या खाली आलं. "आजी, ही कुनी कापली वो? पोरासोरांची हाय का काय?" म्हणाला आणि मोठ्यानं हसला. माझ्यासोबत दादाचा मुलगा होता, म्हणजे तुमचा नातू, तुम्ही पाहिलेला नाही. तोही हसला. मी म्हटलं, "माझ्या मापाची हाय." ज्यांना यातलं काही कळलं असतं ती सगळी माणसं गेली. उरले मी, आणि मला आता बोलायचासुद्धा कंटाळा येतो.

दुःख नाही झालं, आबा. खोटं कशाला सांगू? येताना एस.टी.त मांडीवर काही नव्हतं, तेव्हा उलट बरं वाटलं. आता डुकरं मारायची नाहीत असा कायदा झालाय. लोक फटाके वाजवतात, शेताभोवती जुनी लुगडी बांधतात, कुणी कुणी तारेत वीज सोडून स्वतःच मरतात. ठासणीची बंदूक कुणाला माहीत नाही. तुमच्या नातवानं मला विचारलं, तोंडातून भरायची म्हणजे काय? मी म्हटलं, जसं तुला लहानपणी भरवायचे तसं. वरून दारू ओतायची, काथ्याचा बोळा घालायचा, छर्रे टाकायचे, परत बोळा, आणि गजानं ठासायचं. तो म्हणाला, तोवर डुक्कर थांबायचं का? हसूच आलं. आईही तुम्हाला हेच विचारायची.

आईनं त्या बंदुकीला सवत म्हटलेलं मला अगदी लहानपणापासून आठवतं. ओसरीच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती आडवी पडलेली असायची, तेल लावलेली, नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा. बोळा अशासाठी की कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. "माझ्या डोक्याला तेलाचा थेंब न्हाई आन सवतीला बघा रोजचं न्हानं," असं आई भाकरी थापता थापता म्हणायची आणि तुम्ही मिशीत हसायचा. नळी उभी केली तर तुमच्या खांद्याला यायची, आणि तुम्ही गावात सगळ्यांत उंच. माझ्या तर डोक्याच्याही वर जायची. दादा तुमच्या अंगाचा. मिसरूड फुटली तशी तुम्ही त्याला अंगणात उभं करून भरायला शिकवलंत. दस्ता पायाशी टेकवायचा, नळी सरळ उभी, तोंड अंगापासून लांब. मी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत असायची आणि तुमचं ते एकच वाक्य ऐकत असायची. "नळीवर तोंड धरायचं न्हाई. भरलेली आसू दे, रिकामी आसू दे. कवाच न्हाई."

मग दादा नगरला गेला आणि भरती होऊन आला. लढाई चालू होती, गावोगावची पोरं जात होती. तुम्ही त्याला अडवलं नाही, आईनं अडवलं आणि तिचं कुणी ऐकलं नाही. त्याच्या पाठोपाठ वर्षभरानं मी सासरहून परत आले. माझ्यावर खरीखुरी सवत आली होती. झाकली मूठ म्हणून मी काही दिवस काढलेही तिथं, पण तिला दिवस गेले आणि मला चुलीपाशीसुद्धा जागा उरली नाही. तुम्ही मला काही विचारलं नाही. माझी पेटी आत नेऊन ठेवलीत आणि म्हणालात, "भुईमुगाची खुरपनी ऱ्हायलीय." आणि आबा, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली होती का ते मला माहीत नाही. त्या दिवसापासून आईनं बंदुकीला परत कधी सवत म्हटलं नाही.

दादाची पत्रं यायची ती बंद झाली. मग तार आली. पोलीस पाटलानं ओसरीवर उभं राहून वाचून दाखवली. बेपत्ता. मेला असं त्यात नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. आईनं त्यातलं तिला हवं ते घेतलं. दादाच्या वहाणा ती दर अमावास्येला खाली काढायची आणि करडीचं तेल चोळायची, वाळून कडक होऊ नयेत म्हणून. "आल्यावर पायाला लागतील त्याच्या," म्हणायची. तुम्ही तिथून उठून गोठ्यात जायचा. तुम्ही काय धरून बसला होता ते कुणालाच कळायचं नाही. मी दोघांच्या मधे. चांगलं बोलावं तर आई म्हणायची, तुला काय कळतंय, आणि गप्प बसावं तर म्हणायची, तुला भावाचं काही वाटत नाही.

त्याच वर्षी भुईमूग भरात असताना ते झालं. तांबडं फुटताना तुम्ही रानात होता. आम्ही घरी बार ऐकला, आणि आई म्हणाली, "ह्यो आवाज येगळा हाय." तुम्ही परत आलात ते बंदूक दोन्ही हातांवर आडवी घेऊन, लेकरू धरावं तशी. नळीचं तोंड शेंगेसारखं फाटलं होतं. हाताला भाजलं होतं थोडं, बाकी देवाची दया. आईला तुम्ही सांगितलंत, दारू जास्त झाली. मला विहिरीवर हातावर पाणी घालायला लावलंत आणि तिथं खरं सांगितलंत. "बाये, बोळा काढायचा इसरलो." मी म्हटलं, होतं कधी कधी. तुम्ही म्हणालात, "इसरलो म्हंजे दिसला न्हाई." रात्री भरून ठेवली की दव लागू नये म्हणून तोंडात परत बोळा घालायचा, आणि इतकी वर्षं तुम्ही नळीच्या तोंडावर नजर टाकल्याशिवाय बार टाकला नव्हता. डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, आलाय हे तुम्हाला आधीच माहीत असणार. त्या दिवशी ते तुम्ही तोंडानं म्हणालात एवढंच.

नगरला जायचं ठरलं तेव्हा आईनंच मला सोबत पाठवलं. तुम्हाला मोटारीचा पाय ठेवायची फळीसुद्धा नीट दिसत नव्हती. निघताना तिनं भाकरीची चवड बांधून दिली आणि तुम्हाला ऐकू जाईल असं मला बजावलं, "फुटलंय तेवढंच कापायला सांग. बोटभर जास्त न्हाई. माझ्या लेकाची हाय ती." तुम्ही घोंगडीत गुंडाळलेली बंदूक खांद्यावर घेतलीत आणि चालायला लागलात. मोटारीत लोक आपल्याकडे बघत होते. नगरच्या वेशीपाशी गोरे शिपाई उभे होते, आणि तुम्ही मला विचारलंत, "आपल्याकडली पोरं दिसत्यात का त्यात?" मी बघितलं आणि नाही म्हणाले.

त्या कारागिराचं दुकान अजून डोळ्यांसमोर आहे. अरुंद बोळ, आत अंधार, दारातल्या उजेडात बसून तो काम करतोय. म्हातारा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तुम्हाला ओळखतो, कारण चाप बिघडला तेव्हा तुम्ही दादाला घेऊन इथंच आला होतात. तो नळीतून उजेडाकडे बघतो, नखानं टिचकी मारतो, ऐकतो. मग चार बोटं धरून दाखवतो. "एवढी गेली की काम झालं. बाकी नळी निरोगी हाय."

"किती ऱ्हाईल?" तुम्ही विचारता.

"तुमच्या बगलेला येईल. तुमाला ब्येस."

"म्या न्हाई भरनार आता."

तो नळी खाली ठेवतो. "मंग भरनार कोन? ते सांगा आधी. धरनारा कुनीबी आसू दे. भरनाऱ्याच्या बगलेला नळी आली पायजे. त्याच्या वर गेली की तो ती अंगावर कलती करतो, आन तोंड येतंय नळीवर. मागल्या खेपंला तुमी लेकाची म्हनला हुता."

"लेक लढाईत हाय."

"येनार कवा?"

बाहेरून कुणीतरी कपबशा घेऊन गेलं. तो वाट बघत होता, त्याला घाई नव्हती. माझ्या मनात आलं, आत्ता आबा म्हणतील, येईल की, पोराच्या मापाची ठेव. तसं म्हणायला काय लागत होतं? आईला हवं ते झालं असतं, बंदूक परत खुंट्यांवर गेली असती आणि शेत डुकरांनी खाल्लं असतं. पण तुम्ही मान वळवलीत आणि मला हाक मारलीत. "बाये, हिकडं ये. हितं उभी ऱ्हा."

मी उभी राहिले. अनवाणी, त्या थंड फरशीवर, डोक्यावरचा पदर नीट करत. त्यानं बंदूक माझ्या पायाशी उभी केली. फाटलेलं तोंड माझ्या डोक्याच्या वर. त्याला आश्चर्य वाटलं असेल, पण चेहऱ्यावर दिसलं नाही. फक्त म्हणाला, "लई जातीय. आखूड झाली की लांबचं मारनार न्हाई. धक्काबी वाढंल." तुम्ही म्हणालात, "लांबचं मारायचं न्हाई. जवळ येऊ द्यायचं." तो वाकला, माझ्या बगलेशी नळीवर खडूची रेघ ओढली, आणि तुम्ही हातानं ती रेघ चाचपलीत. डोळ्यांना दिसत नव्हती म्हणून बोटं फिरवलीत. मग म्हणालात, "काप."

मला काय वाटलं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आणि आता सांगायला लाज वाटायचं वय राहिलं नाही. मला आनंद झाला होता, आबा. सासरहून आल्यापासून मी त्या घरात होते म्हणजे उंबऱ्याशी होते. खुरपायला होते, पाण्याला होते, आणि दादा आल्यावर, त्याचं लग्न झाल्यावर कुठं असणार हे गावातल्या बायका मला पाणवठ्यावर विचारायच्या. त्या दुकानात पहिल्यांदा कुणीतरी माझं माप घेतलं, आणि लोखंडावर घेतलं. पण मग करवत चालायला लागली. आधी फाटलेलं टोक पडलं, ते त्यानं भंगारात टाकलं. मग दुसरा तुकडा, दीड वीत लांबीचा, धड, चकचकीत. तो पडला तेव्हा मला वाटलं हा दादाचा आहे. तुम्ही तो उचलून घोंगडीत ठेवलात. पुढं कारागिरानं नेम धरायची माशी नव्यानं बसवली, गजही तेवढाच कापला, आणि आपण भाकरी न खाताच परत निघालो.

घरी आल्यावरचं मी फार वेळा आठवलंय. तुम्ही बंदूक खुंट्यांवर ठेवायला गेलात. दस्ता एका खुंटीवर बसला आणि दुसऱ्या खुंटीपर्यंत नळी पोचेना. तुम्हाला दिसत नव्हतं, तुम्ही हातानं खुंटी शोधत होता, आणि आई चुलीपासून उठून दारात येऊन बघत होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. म्हणाली, "मेला का वो माझा लेक?"

"म्या तसं म्हनलो न्हाई."

"तुमी न्हाई म्हनला. ही बंदूक म्हनतीय."

तुम्ही खुंटी काढून अलीकडे ठोकायला हातोडी मागितलीत. आई म्हणाली, "खुटीला हात लावायचा न्हाई." आणि लावला नाहीत. तुमच्या हयातीत ती बंदूक कोपऱ्यात उभी राहिली आणि खुंट्या मोकळ्या. माझ्याकडे आई बघतही नव्हती. जरा वेळानं तिनं घोंगडीतला तो तुकडा उचलला, आरपार बघितला, राखेनं घासला, आणि त्याची फुंकणी केली. दुसऱ्या दिवसापासून त्याच नळीनं चूल फुंकायला लागली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? त्या सुगीत ती तुमच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, आणि काही सांगायचं झालं तर चुलीला सांगायची. तुम्ही ऐकायचा. ती फुंकायची तेव्हा बारीक शिट्टी वाजायची आणि तुमचा घास थांबायचा. मी बघितलंय.

मला शिकवलंत ते हिवाळ्यात. रानातल्या राखणीच्या माळ्याखाली, ज्वारी हुरड्यावर आली होती तेव्हा. नाकापेक्षा मोती जड म्हणून बायका हसत होत्या, पुरुष तर उघड म्हणत होते की म्हाताऱ्याची डोळ्यांबरोबर अक्कलही गेली. तुम्ही माझ्या मागं बसायचा. दिसत नव्हतं, पण माझ्या हाताचा आवाज ऐकायचा. गज कितीदा वाजला, बोळा पुरता बसला की नाही, सगळं कानानं. आणि पहिल्याच दिवशी तुमच्या ध्यानात आलं की मला नळी अजून थोडी उंच होतेय. गज वर ओढताना हात पुरा पोचेना आणि मी बंदूक कलती केली. तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की थव्यानं पाखरं उठली. "तोंड! तोंड मागं घे! मरायचंय का तुला?" माझ्या हातातून गज पडला. लहानपणीसुद्धा तुम्ही मला कधी ओरडला नव्हता. मग तुम्ही जवळ येऊन हातानं चाचपून बघितलंत, नळीचं तोंड आणि माझी बगल. दोन बोटांचा फरक. "नगरवाल्याचं माप चुकलं," म्हणालात. परत नगरला जायचं, परत कापायचं, परत आईसमोरून आणायचं. ते तुम्हालाही झेपलं नसतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर माळ्याखाली एक चपटा दगड ठेवलेला. ओढ्यातला, गुळगुळीत, दोन बोटं जाड. ओढा तिथून जवळ नाही, वाट उताराची, आणि तुम्हाला पायाखालचं दिसत नव्हतं. मी विचारलं, हा कुणी आणला? तुम्ही म्हणालात, "हुता हितंच. त्याच्यावर उभं ऱ्हात जा." बस्स. आयुष्यभर मी त्या दगडावर उभी राहून बार भरला. माळा पडला, परत बांधला, दगड तोच.

पहिलं डुक्कर मी पाडलं ते पहाटे. धुकं होतं. तुम्ही माझ्या खांद्याला बोट लावलंत, म्हणजे थांब. परत बोट लावलंत, म्हणजे अजून थांब. ज्वारीची ताटं मोडल्याचा आवाज इतका जवळ आला की मला त्याचा वास आला. तिसऱ्यांदा तुम्ही बोट काढून घेतलंत. धक्क्यानं मी मागं तुमच्या अंगावर पडले, खांदा पुढं आठ दिवस काळानिळा होता. तुम्ही विचारलंत, "पडलं?" मी म्हटलं, पडलं. तुम्ही म्हणालात, "ब्येस," आणि तोंड दुसरीकडे केलंत. घरी आई माझ्या खांद्याला हळद लावत होती आणि रडत होती. कशासाठी ते मी विचारलं नाही. त्या वर्षी ज्वारी घरात आली.

आणि मग दादा आला. लढाई संपून कितीतरी महिने झाल्यावर, एका दुपारी, पारनेरच्या वाटेनं चालत. कुठंतरी परमुलखात कैदेत होता इतके दिवस. ओळखू येईना इतका वाळलेला, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी कोट. आईनं त्याला मिठी नाही मारली. आधी आत गेली आणि वहाणा आणून पुढं ठेवल्या. त्यानं पाय घातले, वहाणा मऊ होत्या. मग ती परत आत गेली, चुलीपासली फुंकणी उचलली, बाहेर आली आणि तुमच्या मांडीवर टाकली. "ह्ये घ्या. सांधा आता हिला."

त्या वेळचा तुमचा चेहरा मी कितीदा विसरायचा प्रयत्न केलाय. तुम्ही फुंकणी हातात धरून बसलात, काजळीनं हात काळे झाले. दादाला काही कळेना. मग त्याला कोपऱ्यातली बंदूक दिसली. त्यानं ती पायाशी उभी केली, जसं तुम्ही शिकवलं होतं तसं, आणि नळी त्याच्या पोटाच्या जरा वर आली. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझी उंची बघितली. सगळं कळलं त्याला. "आखूड झाली की, आबा," एवढंच म्हणाला. तुम्ही म्हणालात, "व्हय." मी वाट बघत होते की तुम्ही आणखी काही म्हणाल. शेतासाठी केलं म्हणाल, लेकीसाठी केलं म्हणाल, डोळे गेले म्हणाल. खरं तेच होतं की. पण तुम्ही गप्प, आणि त्यानं बंदूक परत कोपऱ्यात ठेवली.

त्यानंतर तुम्ही एक पावसाळा काढलात. दादा शेत बघायचा, औत हाणायचा, तुम्हाला हाताला धरून गावात न्यायचा. बंदुकीला त्यानं हात लावला नाही, आणि तुम्ही समजलात की तो मनात धरून बसलाय. शेवटच्या आजारात तुम्ही मला म्हणालात, "जित्या पोराला म्या मेल्यालं धरलं, बाये." मी म्हटलं, तसं नाही आबा. तुम्ही म्हणालात, "तसंच हाय." दादा बाहेर गोठ्यात होता. बोलावू का म्हटलं तर मान हलवून नको म्हणालात. दोघंही एकाच मातीचे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तुम्ही गेल्यावर पहिल्या हुरड्याला मी माळ्याखाली बार भरत होते. तिन्हीसांजेची वेळ. दादा आला आणि लांब बांधावर बसला. मी बार टाकला तेव्हा बघितलं, त्यानं दोन्ही कान दाबून धरले होते आणि डोकं गुडघ्यात. मी जवळ गेले तर थरथरत होता, माझा थोरला भाऊ, एवढा मोठा माणूस. कानांवरचे हात काढून म्हणाला, "आबांनी ब्येस केलं. माझ्या मापाची ऱ्हायली आसती तर मला ती घ्यावी लागली आसती. न्हाई म्हनायला तोंड नव्हतं मला. तिकडून आल्यापास्नं मला बंदूक बघवत न्हाई." मी विचारलं, आबांना सांगितलंस का? "कवा सांगू?" म्हणाला. "ते गप. मला वाटलं, मी जिता आलो ह्येच त्यास्नी आवडलं न्हाई."

म्हणजे बघा. एका ओसरीवर बसून तुम्ही दोघं एकमेकांची माफी धरून होता आणि मधे ती बंदूक उभी. मी त्याला तुमचं शेवटचं बोलणं सांगितलं. तो रडला आणि नंतर त्या दिवशी पोटभर जेवला. दिवाळीला फटाके वाजायला लागले की तो माळावर निघून जायचा, पण बाकी चांगला जगला. लग्न केलं, मुलगा झाला. मला त्या घरात कुणी कधी उंबऱ्याशी ठेवलं नाही. तुमचं त्याला सांगून झालं. त्याचं तुम्हाला सांगायचं राहिलं. दादालाही जाऊन आता वर्षं झाली. त्यानं तुम्हाला सांगितलं असेल तर उत्तम, पण तुम्हा दोघांचा स्वभाव बघता मला भरवसा नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. घरात गॅस आलाय, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, आणि ती फुंकणी तिथंच असते. आई गेल्यावर तुमची सून ती भंगारात द्यायला निघाली होती, मी अंगावर धावून गेले. उद्या सकाळी हे कागद त्या चुलीत घालीन आणि त्याच नळीनं फुंकीन. बोटं दुखायला लागलीत, आता थांबते.

एक राहिलं. नगरच्या त्या म्हाताऱ्याला तुम्ही शेवटपर्यंत बोल लावलात आणि मी ऐकून घेतलं. त्याचं माप चुकलं नव्हतं, आबा. तो खडू लावत होता तेव्हा मी टाचा उचलल्या होत्या. दादासाठी तेवढी दोन बोटं तरी राहावीत म्हणून.